‘अभिलेख पटल’ : सरकारी दप्तर घरबसल्या वाचताना

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल मी गेली काही वर्षे सातत्याने वापरत आलो आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारत सरकारचे महसूल आणि शेती खाते कसे घडत गेले, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. दुष्काळ, तगाई (शेतकऱ्यांना मिळणारे सरकारी कर्ज), सारामाफी यांविषयी कलकत्त्यात आणि शिमल्यात बसलेल्या अधिकाऱ्यांनी काय ठरवले, कोणी कोणाला काय लिहिले आणि शेवटी कोणाचे म्हणणे टिकले, हे मी त्यात शोधतो. असे काम करणाऱ्याला पूर्वी दिल्लीत महिनोन्‌महिने मुक्काम ठोकण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज त्यातला मोठा भाग घरच्या टेबलावर होतो. म्हणूनच ही सेवा वापरू इच्छिणाऱ्या मराठी अभ्यासकांसाठी तिच्याविषयी सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. माझे मत आधीच सांगून ठेवतो. भारत सरकारच्या इतिहासासाठी घरबसल्या मिळणाऱ्या साधनांत मला याच्या तोडीचे दुसरे साधन आढळलेले नाही. मात्र सरकारी खात्यांची रचना ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती येथे फार थोडे लागते. आणि स्वातंत्र्यानंतरच्या सरकारविषयी प्रश्न घेऊन येणाऱ्याला अनेकदा रिकाम्या हाती परतावे लागते. या दुसऱ्या उणिवेचे मूळ पोर्टलमध्ये नाही, कागद वेळेवर न सोपवण्याच्या सवयीत आहे. त्याविषयी पुढे येईलच.

या पोर्टलवर काय आहे हे समजण्यासाठी त्यामागच्या संस्थेचा जन्म कसा झाला हे माहीत असलेले बरे. १८६० मध्ये सँडेमन या सिव्हिल ऑडिटरने आपल्या अहवालात असे सुचवले, की कचेऱ्यांमध्ये कागदांची दाटी फार झाली आहे, तेव्हा नित्याचे कागद नष्ट करावेत आणि मोलाचे कागद एका मध्यवर्ती दप्तरखान्यात हलवावेत. भारतात मध्यवर्ती अभिलेखागाराची कल्पना अशी कागद कमी करण्याच्या गरजेतून पुढे आली. इतिहासकारांची सोय हा तिचा हेतू नव्हता. प्रत्यक्षात ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यात ‘इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट’ स्थापन झाले, आणि त्याची जबाबदारी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक जॉर्ज फॉरेस्ट यांच्याकडे आली. मुंबई सरकारचे जुने कागद लावण्याच्या कामात त्यांनी आधीच नाव मिळवले होते, त्यामुळे या केंद्रीय दप्तराची पहिली मांडणी मुंबईत शिकलेल्या हाताने झाली असे म्हणता येते. १९११ मध्ये राजधानी दिल्लीला हलली; वास्तुविशारद ल्यूटन्सने आराखडा केलेली, आज जनपथावर उभी असलेली इमारत १९२६ मध्ये पूर्ण झाली आणि कलकत्त्यातील कागद पूर्णपणे दिल्लीत यायला १९३७ साल उजाडले. त्यानंतर लवकरच सुरेंद्रनाथ सेन या संस्थेचे प्रमुख झाले. मराठ्यांच्या राज्यकारभारावर मूलभूत काम केलेला हा बंगाली विद्वान स्वातंत्र्याच्या आगेमागे या दप्तराचा कारभारी होता, ही गोष्ट मराठी अभ्यासकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. त्यांच्याच काळात, स्वातंत्र्यानंतर, संस्थेचे नाव राष्ट्रीय अभिलेखागार असे झाले.

‘अभिलेख पटल’ २०१५ पासून सुरू आहे. नावातील ‘पटल’ हे ‘पोर्टल फॉर ॲक्सेस टू आर्काइव्ह्ज अँड लर्निंग’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचे मिळून झालेले आहे. मराठी माणसाला ते सभागृहाच्या पटलाची आठवण करून देते आणि कामाला साजेसेही वाटते. नाव नोंदवून खाते उघडावे लागते. शोधाच्या चौकटीत शब्द टाकला, की जुळणाऱ्या फाइलींची यादी समोर येते. प्रत्येक नोंदीत खाते, शाखा, वर्ष, फाइलचा क्रमांक आणि विषयाचे शीर्षक दिलेले असते, आणि जिचे स्कॅनिंग झालेले आहे ती फाइल पडद्यावर पानागणिक वाचता येते. वापराच्या पायऱ्यांविषयी याहून अधिक सांगण्यासारखे नाही. संगणकाची साधी ओळख असलेल्याला त्या अर्ध्या तासात जमतात.

खरी अडचण त्यानंतर येते, आणि या परीक्षणाचा गाभाही तोच आहे. वाचकाच्या मनात विषय असतो, आणि दप्तर मात्र खात्यानुसार लावलेले असते. शोध मुख्यतः फाइलच्या नोंदीवर, म्हणजे शीर्षकातील शब्दांवर आणि खात्याच्या नावावर चालतो. ते शीर्षक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने आपल्या कामापुरते लिहिलेले असते. ‘शेतकऱ्यांचा असंतोष’ असा विषय त्याच्या डोक्यात नसतो. त्याच्यापुढे अमुक प्रांताचे पत्र असते, अमुक रकमेची मंजुरी असते, अमुक विधेयकाचा मसुदा असतो. त्यामुळे येथे शोध घेणाऱ्याने आपला प्रश्न त्या कारकुनाच्या भाषेत मांडायला शिकावे लागते. त्या काळी हे काम कोणत्या खात्याच्या टेबलावर आले असेल, हा पहिला प्रश्न. कोणते शब्द टाकावेत, हा त्यानंतरचा.

माझ्याच विषयातले उदाहरण देतो. १८७५ च्या मे महिन्यात सुपे गावापासून पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे पसरले. मुंबई सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, आणि अखेर १८७९ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळात दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारी कर्जातून दिलासा देणारा कायदा मंजूर झाला. या चार वर्षांतील केंद्र सरकारचा विचार कोठे सापडेल? दंग्यांच्या वेळी शेती, महसूल आणि व्यापार यांसाठी भारत सरकारचे एकच खाते होते. ते लॉर्ड मेयोने १८७१ मध्ये निर्माण केले होते, आणि पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला परिचित झालेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम त्याचे सचिव होते. १८७९ मध्ये हे खाते बंद केले गेले, ह्यूम यांना सचिवपदावरून जावे लागले, आणि महसूल व शेतीचे विषय गृहखात्याला जोडले गेले. दुष्काळ आयोगाच्या १८८० च्या अहवालाने शेतीसाठी वेगळ्या खात्याची गरज पुन्हा दाखवून दिली आणि १८८१ मध्ये ‘महसूल आणि शेती’ खाते नव्याने उभे राहिले. म्हणजे एकाच विषयाचे कागद दहा वर्षांत तीन निरनिराळ्या नावांच्या खात्यांखाली विखुरलेले आहेत, आणि विधेयकाचा मसुदा, त्यावरची प्रांतांची मते, कलमांची दुरुस्ती हे सारे चौथ्या ठिकाणी, १८६९ पासून स्वतंत्र झालेल्या कायदे खात्यात आहे. हे ठाऊक नव्हते तोवर मी एकाच खात्यात शोध घेत राहिलो, आणि १८७९ नंतर सरकारने या विषयातून अंगच काढून घेतले असा माझा समज झाला होता. खात्यांची वंशावळ हाती आल्यावर तो समज पुसला गेला, आणि लिहून झालेले एक प्रकरण मला मुळापासून बदलावे लागले.

हीच गोष्ट संस्थानांच्या बाबतीत. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांच्या १८७५ च्या पदच्युतीचे कागद शोधणाऱ्याने गृहखात्याच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. संस्थाने हा परराष्ट्र खात्याचा विषय होता. १९१४ पासून त्या खात्याचे नाव ‘परराष्ट्र आणि राजकीय’ असे झाले, १९३७ मध्ये त्याची दोन खाती झाली, आणि १९४७ मध्ये सरदार पटेलांच्या संस्थान मंत्रालयाकडे हा वारसा आला. किंवा आपल्या अधिक जिव्हाळ्याचा विषय घ्या. राज्य पुनर्रचना आयोग हा शब्दप्रयोग सर्वांना परिचित आहे, पण तो आयोग २९ डिसेंबर १९५३ च्या गृह मंत्रालयाच्या ठरावाने नेमला गेला होता, हे लक्षात असेल तरच त्यासंबंधीचा शोध योग्य दारापासून सुरू होतो. कोणत्याही विषयावर काम सुरू करण्यापूर्वी त्या काळातील खाती आणि त्यांच्या शाखा यांचा एक तक्ता स्वतःच्या हाताने काढावा, असे मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो. दोन दिवस त्यात जातात आणि पुढचे दोन महिने वाचतात.

स्पेलिंगचे दुखणे वेगळेच आहे. पुण्याचे ‘पूना’, साताऱ्याचे दुहेरी ‘टी’ घातलेले जुने रूप, कोल्हापूरच्या अखेरीस दोन ‘ओ’ असलेले रूप, आडनावांची तर प्रत्येक कारकुनागणिक नवी तऱ्हा. हे सारे त्या काळच्या नोंदींमध्ये जसेच्या तसे आहे. मराठी नावाचा शोध घेताना निदान चार रूपे टाकून पाहावीत. मी वहीत एक पान केवळ यासाठी राखून ठेवले आहे आणि नवे रूप दिसले की ते तेथे टिपतो.

आता फाइल उघडल्यानंतरच्या वाचनाविषयी, कारण या सेवेचे सर्वांत मोठे मोल तेथे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारत सरकारची खाती आपले कामकाज प्रोसीडिंग्जच्या, म्हणजे पत्रे, उत्तरे आणि हुकूम यांच्या क्रमवार नोंदींच्या रूपात जतन करत. महत्त्वाच्या बाबी ‘ए’ वर्गात जात आणि छापल्या जात. कमी महत्त्वाच्या ‘बी’ वर्गात राहत. अगदी नित्याच्या बाबी ‘डिपॉझिट’ म्हणून ठेवल्या जात. ‘ए’ वर्गाच्या छापील पानांवर प्रांताचे पत्र, त्याला दिलेले उत्तर आणि अखेरचा हुकूम असा नीटस क्रम दिसतो. सरकार एका आवाजात बोलते आहे असे ती पाने वाचताना वाटते. पण त्यांच्या मागे पुष्कळदा ‘के. डब्ल्यू.’ अशी खूण असलेला गठ्ठा असतो. ही अक्षरे ‘कीप विथ’ची, म्हणजे ‘सोबत ठेवावे’ अशी सूचना. या गठ्ठ्यात अधिकाऱ्यांनी आपापसांत लिहिलेली टिपणे आणि अर्धसरकारी पत्रे असतात. अवर सचिवाने विषय मांडलेला असतो, उपसचिवाने त्याला दुरुस्ती सुचवलेली असते, सचिव दोघांशीही असहमत असतो, कौन्सिलचा सदस्य दोन ओळींत निकाल देतो, आणि क्वचित व्हाइसरॉयच्या आद्याक्षरांची सही खाली असते. उत्तर म्हणून बाहेर गेलेल्या चार ओळींमागे चाळीस पानांचा वाद असू शकतो, आणि सरकार कसे विचार करते हे त्या चाळीस पानांतच कळते.

या टिपणांमुळेच दिल्लीच्या दप्तराला लंडनच्या दप्तराहून वेगळे महत्त्व आहे. ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या कचेरीचे दप्तर सुमारे १४ किलोमीटर लांबीच्या फळ्यांवर पसरलेले आहे. त्याचे ऐश्वर्य मोठे आहे आणि त्यावर उत्तम इतिहास लिहिले गेले आहेत. पण भारतातून लंडनला जात त्या प्रामुख्याने ‘ए’ प्रोसीडिंग्जच्या छापील प्रती. ‘बी’ वर्ग आणि टिपणांचा मोठा भाग येथेच राहिला. केवळ लंडनच्या कागदांवर लिहिलेला भारत सरकारचा इतिहास म्हणूनच अनेकदा निर्णयांचा इतिहास होतो. निर्णयापर्यंत पोचण्याची वाट त्यात दिसत नाही. ‘अभिलेख पटल’ने ती वाट कोल्हापुरात, नांदेडात किंवा अमरावतीत बसलेल्या अभ्यासकाला मोकळी करून दिली, हे या सेवेचे उपकार मी मनापासून मानतो.

टिपणे वाचताना तारखेबरोबर स्थळही पाहत जावे. १८६४ पासून भारत सरकार उन्हाळ्याचे महिने शिमल्याला काढत असे, आणि टिपणांवरचे स्थळ ऋतूनुसार कलकत्ता आणि शिमला असे बदलत जाते. सुरुवातीला मी या तपशिलाकडे दुर्लक्ष करत होतो. मग ध्यानात आले, की तातडीची बाब कोठे अडकली आणि कोणत्या सदस्याचे मत उशिरा आले, याचे उत्तर अनेकदा या स्थळांच्या नावांत दडलेले असते. दख्खनमध्ये वैशाखाच्या उन्हात माणसे आणि जनावरे पाण्यासाठी तडफडत असताना त्यांच्याविषयीची टिपणे देवदारांच्या सावलीत लिहिली जात होती, ही जाणीव प्रत्येक पानागणिक होत राहते, आणि ती झाल्यावाचून या कागदांचे वाचन पुरे होत नाही असे मला वाटते.

विसाव्या शतकाकडे वळणाऱ्यांसाठी गृहखात्याच्या राजकीय शाखेचे, म्हणजे अभ्यासकांच्या बोलण्यातल्या ‘होम पोलिटिकल’चे कागद हे या पोर्टलवरचे सर्वांत ओळखीचे दालन आहे. १९०७ पासून सुरू होणाऱ्या या मालिकेत वृत्तपत्रे, सभा, सत्याग्रह, स्थानबद्धता यांविषयीच्या फाइली आहेत. त्यातही प्रांतिक सरकारांकडून दर पंधरवड्याला दिल्लीला जाणारे अहवाल विशेष उपयोगी पडतात. १९३० च्या दशकातील हे पाक्षिक अहवाल बहुधा १८ या क्रमांकाच्या फाइलींमध्ये लावलेले दिसतात, ही खूण लक्षात ठेवली तर वेळ वाचतो. मुंबई इलाख्याचे अहवाल सलग वाचत गेले की चळवळीचा चढउतार सरकारला कसा दिसत होता ते कळते. येथे ‘सरकारला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला वरिष्ठांपुढे परिस्थिती आटोक्यात असल्याचे दाखवायचे असते, किंवा जादा अधिकार हवे असतील तर ती हाताबाहेर जात असल्याचे दाखवायचे असते. सत्याग्रहींची संख्या, सभेतील श्रोत्यांचे वर्णन, पुढाऱ्याच्या हेतूविषयीचा तर्क हे सारे त्या गरजेतून गाळून आलेले असते. त्याच आठवड्याचा ‘केसरी’ शेजारी ठेवून वाचल्याशिवाय या अहवालांवर विसंबू नये.

सरकारी कागद ही सरकारचीच साक्ष असते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. पेशवे दप्तर पुण्यात सरकारच्या कुलपाखाली असताना कोणते कागद कोणाला पाहू द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार सरकारपाशी होता. पुढे गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यातले निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे त्या दप्तराचा मोठा भाग सर्वसामान्य अभ्यासकाच्या हाती आला. दप्तर उघडणे आणि दप्तर निवडून दाखवणे यांतील अंतर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने अनुभवलेले आहे. ‘अभिलेख पटल’वर एखादी मालिका आधी स्कॅन होते आणि दुसरी मागे राहते, तेव्हा तेच अंतर निराळ्या रूपात समोर येते. पडद्यावर जे सहज दिसते त्यावरच प्रबंध लिहिले जाण्याचा धोका आहे. म्हणून एखाद्या फाइलची केवळ नोंद असेल आणि पाने नसतील, तर तिचा संदर्भ टिपून ठेवावा आणि दिल्लीच्या वाचनकक्षात जाऊन ती मागवावी. मी वर्षातून एक फेरी केवळ अशा फाइलींसाठी राखतो.

स्वातंत्र्योत्तर काळाविषयी मात्र मला अधिक स्पष्ट लिहिले पाहिजे. सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ मध्ये झाला आणि त्याखालील नियम १९९७ मध्ये आले. पंचवीस वर्षांहून जुन्या, जतन करण्याजोग्या फाइली मंत्रालयांनी राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवाव्यात, अशी ही व्यवस्था आहे. १८९२ पूर्वीचा कोणताही कागद, तो पूर्ण निकामी झाला असल्याखेरीज, नष्ट करता येत नाही. नियमबाह्य रीतीने अभिलेख नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. प्रत्यक्षात डिसेंबर २०२२ मध्ये अभिलेखागाराच्या तत्कालीन महासंचालकांनीच जाहीरपणे सांगितले, की केंद्राच्या १५१ मंत्रालये-विभागांपैकी केवळ ३६ जणांचे कागद संस्थेकडे आहेत, आणि १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांचे तसेच हरितक्रांतीचे दप्तर तेथे आलेलेच नाही. संस्थेच्या प्रमुखाने ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे सांगावी, याबद्दल मला आदर वाटतो. पण तिचा अर्थ फार गंभीर आहे. १८७६ च्या दुष्काळात सरकारने काय विचार केला, हे मी आज टिपणागणिक सांगू शकतो. नव्वद वर्षांनंतर, स्वतंत्र भारताच्या सरकारने अन्नटंचाईला तोंड देताना काय विचार केला, हे सांगण्यासाठी मात्र मला संसदेतील निवेदने, वृत्तपत्रे आणि आठवणी यांच्यावर भिस्त ठेवावी लागते. यशवंतराव चव्हाण १९६२ ते १९६६ या काळात संरक्षणमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीचा प्रशासकीय इतिहास लिहू पाहणाऱ्या मराठी अभ्यासकापुढे हीच भिंत उभी राहते.

काही दारे किलकिली झाली आहेत, हेही नोंदवले पाहिजे. २३ जानेवारी २०१६ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्यासंबंधीच्या १०० फाइली खुल्या झाल्या. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धे आणि लष्करी मोहिमा यांचे इतिहास संकलित करण्याचे आणि त्यासंबंधीचे अभिलेख सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांनी गोपनीयतेतून मुक्त करण्याचे धोरण जाहीर केले. तथापि १९६२ च्या पराभवाची कारणमीमांसा करणारा हेंडरसन-ब्रुक्स अहवाल सरकारने अधिकृतपणे आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही. एखादी फाइल अभिलेखागारात आलेली नसेल, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधील तिसऱ्या पोटकलमाचा आधार घेता येतो: वीस वर्षांपूर्वीच्या घटनेसंबंधीची माहिती, देशाची सुरक्षितता व परराष्ट्रसंबंध, विधिमंडळांचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद हे अपवाद सोडता, द्यावी लागते. फाइल अस्तित्वात असेल तरच याचा उपयोग, हे उघड आहे. मंत्रालयांच्या वर्गवारीतील ‘सी’ वर्गाच्या फाइली जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवण्याची तरतूद आहे. कोणती फाइल कोणत्या वर्गात घालायची, हे ठरवताना पुढच्या शतकातील इतिहासकार शेजारी बसलेला नसतो.

म्हणून या काळासाठी ‘अभिलेख पटल’ एकट्याने पुरे पडत नाही. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात कायदेमंडळांतील जुनी भाषणे आणि ९ डिसेंबर १९४६ रोजी सुरू झालेल्या संविधान सभेच्या चर्चा वाचता येतात. सरकार बाहेरच्यांना काय सांगत होते ते तेथे कळते. आतले बोलणे तेथे नसते. १९४७ पूर्वीच्या पश्चिम भारतासाठी मुंबईच्या राज्य पुराभिलेखागाराला पर्याय नाही, कारण केंद्राकडे गेलेल्या पत्राचा मसुदा कसा तयार झाला, हे मुंबई सरकारच्या फाइलीतच सापडते. शिवाय राष्ट्रीय अभिलेखागारातील खासगी कागदपत्रांचे दालन मराठी वाचकाने चुकवू नये. दादाभाई नौरोजी, गोपाळ कृष्ण गोखले, दादासाहेब खापर्डे, मुकुंदराव जयकर यांचे कागद तेथे आहेत. सरकारी टिपणात गोखल्यांविषयी काय लिहिले गेले आणि त्याच महिन्यात गोखल्यांनी स्वतः कोणाला काय लिहिले, हे दोन्ही एकाच संस्थेच्या छताखाली वाचायला मिळणे ही मोठी गोष्ट आहे.

पोर्टल वापरू इच्छिणाऱ्या तरुण अभ्यासकाला एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यायला सांगीन. संदर्भ देताना केवळ पोर्टलवरचा दुवा देऊन थांबू नये. खात्याचे नाव, शाखा, प्रोसीडिंग्जचा वर्ग, महिना व वर्ष, आणि क्रमांक, असा पूर्ण संदर्भ त्याच क्रमाने लिहावा. टिपणांतला मजकूर असेल तर ‘के. डब्ल्यू.’ ही खूण आणि टिपण लिहिणाऱ्याचे नाव व तारीख तेथेच जोडावी. पोर्टलची रचना बदलेल, दुवे बदलतील, पण हा क्रम कलकत्त्यातल्या कारकुनाने फाइलीवर घातला तेव्हापासून तसाच आहे, आणि वाचनकक्षातल्या मागणीपत्रावर आजही तोच लिहावा लागतो.